टाळूतले अठ्ठावीस फेरे

५ मार्च, बुधवार

मेव्हणी फोनवर म्हणाली, "भाऊजी, बोलवत नसेल तर नका बोलू, पण लिहा तरी काहीतरी. तुम्ही असे तोंड शिवून बसलात तर पोरीने करायचं काय?" घरात कोरी वही नव्हती. पंपहाउसची एक जुनी नोंदवही कपाटावर पडली होती, ती झटकून घेतली. चार रकाने आहेत: वेळ, दाब, फेरे, शेरा. मी सोळा वर्षं पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हवर आहे. आमच्या भागातले अकरा मोठे व्हॉल्व्ह कधी किती फेरे उघडायचे आणि कधी बंद करायचे, एवढंच माझं काम. रकाने आखलेले असले की मला लिहिता येतं.

ही गेली त्याला आज बरोबर दोन आठवडे झाले. सकाळी कामावर जाताना बसथांब्यावर कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला, दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं होतं. मी तेव्हा सात नंबरच्या खड्ड्यात उतरलेलो होतो, फोन वर पिशवीत होता.

मला काही वाटत नाही. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. भूक लागते, झोप लागते, दाढी करतो. भेटायला आलेले लोक माझ्याकडे बघून डोळे पुसतात आणि मी त्यांना पाणी आणून देतो. लोकांना वाटतं, काय खंबीर माणूस आहे.

शेरा: काही नाही.

६ मार्च, गुरुवार

संध्याकाळी सातला मुलगी एक छोटी डबी घेऊन समोर उभी राहिली. मुलगी म्हणजे खारू, वय तेरा. हे नाव हिनेच पाडलेलं, पोरीचे पुढचे दोन दात खारीसारखे आहेत म्हणून. "बाबा, कोळी फिरवायचा राहिलाय."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. खारूचा वरचा जबडा अरुंद, दातांना जागा नाही. म्हणून गेल्या महिन्यात डॉक्टरबाईंनी तिच्या टाळूला एक यंत्र बसवलं. मधे स्क्रू आणि दाढांना चिकटवलेले चार पाय. खारू त्याला कोळी म्हणते. रोज एकदा पिनेने स्क्रू फिरवला की जबडा केसभर रुंद होतो. हे सगळं ही करायची. मी त्या वेळी घरात असलो तरी पेपरात डोकं घालून असायचो.

"कधीपासून राहिलाय?"

"तेव्हापासून."

डबीच्या झाकणावर दवाखान्याचं लेबल आहे: रोज १ फेरा, एकूण २८. मी विचारलं, आईने किती केले होते? खारू खिडकीकडे बघत म्हणाली, आठवत नाही. डबीबरोबर एक तक्ता दिला होता, त्यात आई रोज लिहायची, तो कुठाय? म्हणाली, सापडत नाही.

आमच्याकडे नियम आहे. मागच्या पाळीची वही नसेल तर अंदाजपंचे कारभार करायचा नाही, शून्यापासून मोजायचं. सोळा वर्षांत माझा एक फेरा चुकलेला नाही. मी शून्यापासून धरलं.

ती सोफ्यावर आडवी झाली आणि डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. मी कामावरचा कपाळाचा टॉर्च लावला. पिन पुढच्या भोकात घालून घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं भोक दिसलं की फेरा पुरा. माझे हात पाच फुटी चावी फिरवणारे. पिन दोनदा निसटली.

वेळ: २ मिनिटं. फेरे: १. शेरा: दुखलं का विचारलं, नाही म्हणाली.

९ मार्च, रविवार

कामावर परवापासून रुजू झालो. माझ्या आधीच्या पाळीला एक सहकारी असतो, त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो सगळ्यांना शिकवत असतो. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काय बोलावं सुचत नाही रे." मी म्हटलं, नको बोलूस, तीन नंबर गळतोय ते सांग. त्याने सांगितलं. बरं वाटलं.

हिचा फोन मी ती गेली त्याच दिवशी बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. सारखा वाजत होता.

वेळ: ३ मिनिटं. फेरे: ४. शेरा: काही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

खारूच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आहे. चांगली ठसठशीत. मला आनंद व्हायला हवा, कारण फट पडणं म्हणजे जबडा उघडतोय, असं डबीतल्या पत्रकात लिहिलंय. काम होतंय एवढं कळलं.

ते पत्रक आज पूर्ण वाचलं. दातांच्या उपचाराला यश कशामुळे कमी येतं, ते सगळं त्यात आहे. वय वाढलेलं असलं तर टाळूचं हाड जुळून घट्ट होतं, मग यंत्र लावूनही उपयोग नाही. खारू तेरा वर्षांची आहे, ते बरं. हिरड्या सुजलेल्या असल्या तर अडचण. तिच्या नाहीत. जिभेने दात ढकलायची सवय, नखं खायची सवय. नखं खाते, पूर्वी खायची नाही. चुकवलेल्या भेटी. आम्ही एकही चुकवलेली नाही, कुणी बोलावलंच नाही तर चुकवणार काय? आणि शेवटी लिहिलंय, घरच्या माणसांचं सहकार्य. ते मी देतोय.

वेळ: ४ मिनिटं. फेरे: ९. शेरा: पत्रक परत डबीत ठेवलं.

१६ मार्च, रविवार

मेव्हणी खारूला दोन दिवसांसाठी घरी घेऊन जायला आली. तिच्याकडे मांजरीला पिल्लं झाली आहेत, खारू मांजरवेडी. दुपारी गेली आणि सातला पाच कमी असताना दारात हजर. मेव्हणी मागून धापा टाकत जिना चढत होती. "काय बाई ही पोर! पिल्लू मांडीवर झोपलेलं ते उचलून ठेवलं आणि निघाली. म्हटलं, मी फिरवते तुझा तो कोळी, मला काय हात नाहीत? तर नाहीच म्हणते."

मी खारूला म्हटलं, एक दिवस मावशीने फिरवलं असतं तर काय बिघडलं असतं? ती म्हणाली, "मावशीचा हात हलतो."

माझाही हलतो.

वेळ: ६ मिनिटं. फेरे: ११. शेरा: मेव्हणी जाताना रडली. मी तिला जिन्यापर्यंत सोडलं.

१९ मार्च, बुधवार

आज एक महिना.

सात नंबरवर उतरलो होतो. पंचेचाळीस फेरे उघडायचा, उघडला. वर आल्यावर पिशवीतला फोन बघितला, कुणाचा फोन आलेला नव्हता.

वेळ: ७ मिनिटं. फेरे: १४.

२२ मार्च, शनिवार

एक गोष्ट कळत नाही म्हणून लिहून ठेवतो. पहिल्या दिवशी दोन मिनिटं लागली तेव्हा माझा हात बसलेला नव्हता. आता पिन पहिल्या झटक्यात जाते. तरी वेळ रोज वाढतो आहे. आज अकरा मिनिटं. फेरा अर्ध्या मिनिटात होतो, मग खारू म्हणते, "थांब, भोक नीट आलंय का बघ." बघतो. "परत बघ." परत बघतो. मग तोंड मिटते पण उठत नाही, तशीच पडून राहते आणि मी टॉर्च लावून बसून राहतो. तिचं डोकं जड लागतं, पाय बधिर होतो. बाकी मी सगळाच बधिर, त्यामुळे विशेष फरक पडत नाही.

फेरे: १७.

२६ मार्च, बुधवार

खारू जेवताना एका बाजूने चावते, मग दुसऱ्या बाजूने, मग घास नुसता गिळते. विचारलं तर म्हणाली, "दात दातांवर बसत नाहीत, बाहेर जातात." तिचा स आता थ सारखा येतो. "बथत नाहीत" म्हणाली. मी म्हटलं, उपचार चालू असताना असं व्हायचंच. कुठून म्हटलं मी हे? मला काय माहीत असतं? पण म्हटलं, आणि तिने मान डोलावली.

तिच्या वर्गातल्या मुली तिला फाटक म्हणतात. हे तिने सांगितलं नाही, वहीच्या मागे कुणीतरी लिहिलेलं होतं. मी म्हटलं, शाळेत येऊन बोलू का? ती म्हणाली, "नको बाबा. थात दिवथ तर राहिलेत."

तिने दिवस बरोबर मोजलेले आहेत. माझ्यावर गेली आहे.

वेळ: १२ मिनिटं. फेरे: २१. शेरा: नाकाच्या मुळाशी दाबल्यासारखं होतं म्हणाली. फिरवू नको का विचारलं, तर "फिरव" म्हणाली.

२ एप्रिल, बुधवार

अठ्ठावीस. संपलं.

पिन पुसून डबीत ठेवली. मी म्हटलं, "झालं हो खारूताई, सुटलीस." गंमत करावी म्हणून म्हटलं. ती मांडीवरून उठली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पोरीची जात, कधी काय बिनसेल सांगता येत नाही. मी ओरडलो असतो तर गोष्ट वेगळी.

वेळ: १९ मिनिटं. फेरे: २८. शेरा: काम पूर्ण.

३ एप्रिल, गुरुवार

आज मास्तर नोंदवही घरी विसरून आला. पाच नंबर किती उघडलाय त्याचा पत्ता नाही. मी चावी लावली आणि उघडायला लागलो, शून्यापासून मोजत. मास्तरने माझा हात धरला.

"अरे, आधी बंद कर! पूर्ण बंद करून मग शून्य. आहे तिथूनच मोजत सुटलास तर खालच्या गल्लीत पूर येईल. सोळा वर्षं झाली ना तुला? डोकं कुठाय?"

मी चावी सोडून खड्ड्याच्या काठावर बसलो. मास्तर घाबरला, पाणी पाज म्हणून कुणाला तरी हाक मारत होता.

नियमाचा अर्धा भाग मी विसरलो होतो. शून्यापासून मोजायचं, ते बंद केल्यावर. खारूचा जबडा मी बंद केलेला नव्हता. तो बंद करताही येत नाही. हिने जिथे सोडला तिथून मी पुढे अठ्ठावीस फिरवले. तिचे किती होते? सहा फेब्रुवारीला यंत्र बसलं. अठरापर्यंत ही होती. हा हिशेब बोटांवर होतो. महिनाभर तो मला करता आला नाही.

घरी येऊन दवाखान्याचा नंबर शोधला. तो हिच्या फोनमध्येच. ड्रॉवर उघडला, फोन चार्जिंगला लावला, चालू केला. पटापट मेसेज यायला लागले. दवाखान्याचेच सहा. उद्या अकरा वाजता भेट आहे. आपली भेट चुकली आहे. उपचार सुरू असताना दर आठवड्याला दाखवणं आवश्यक आहे. कृपया संपर्क साधा. कृपया संपर्क साधा.

आणि फोन बंद असताना आलेल्या कॉलची यादी. त्यात अकरा कॉल माझ्याच नंबरावरून. सगळे संध्याकाळी, मी अंघोळीला जातो त्या वेळचे. मी केलेले नाहीत. फोन कंपनीचा काहीतरी घोळ असणार.

उद्याची वेळ मिळाली आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरबाई खुर्चीकडे वळून म्हणाल्या, "अहो, होतात कुठे तुम्ही दीड महिना? आणि आई नाही आली आज?"

मागे मशीनचा आवाज चालू होता. खारूच म्हणाली, "आई गेली."

डॉक्टरबाईंनी मशीन बंद केलं. हातमोजे काढले, खारूच्या डोक्यावर हात ठेवला. मग नवे हातमोजे घालून तोंडात बघितलं, मोजपट्टीने मोजलं, परत मोजलं.

"किती फेरे झाले?"

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

"शक्य नाही. हे चाळीसच्या वर आहे. स्क्रू संपत आलाय. वरच्या दाढा खालच्यांच्या पार बाहेर गेल्यात. तक्ता कुठाय?"

मी सांगायला लागलो की तक्ता हरवला. खारू खुर्चीतून उतरली, दप्तरातून भूगोलाचं पुस्तक काढलं. पुस्तकाच्या कव्हरच्या आत घडी केलेला कागद होता. तक्ता.

तेरा ओळी भरलेल्या. हिचं अक्षर, र ला लांब शेपूट. दवाखान्याच्या तक्त्यालाही शेऱ्याचा रकाना असतो, मला माहीत नव्हतं. रडली. कमी रडली. नाकात मुंग्या. रडली नाही, आइस्क्रीम दिलं. अठरा फेब्रुवारीची शेवटची: फट दिसायला लागली! ह्यांना रविवारी दाखवायची.

डॉक्टरबाईंनी खारूला विचारलं, "तुला माहीत होतं ना गं? तुला मोजता येतं. दुखत असणार. मग सांगितलं का नाहीस?"

खारू पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग म्हणाली, "बाबा थांबला अथता."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, हो, थांबलोच असतो, तेच तर करायला हवं होतं.

तेरा फेरे मागे घ्यायचे आहेत, रोज एक, उलट्या दिशेने. दर गुरुवारी दाखवायचं. मी विचारलं, बिघडलं का सगळं? त्या म्हणाल्या, आत्ता छातीठोक काही सांगता येणार नाही. वय लहान आहे ते पथ्यावर पडेल. पण हाडाला फार ताण बसलाय. यंत्र सहा महिने तसंच ठेवू, मग काढल्यावर किती टिकतं ते बघू. कदाचित पुन्हा करावं लागेल. "तुमच्यावर रागावत नाही," असं म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बसमध्ये खारू खिडकीशी बसली. तक्ता परत भूगोलात गेला होता.

शेरा: चूक माझी.

५ एप्रिल, शनिवार

सातला खारू आली. मी टॉर्च लावला. उलटं फिरवायचं म्हणजे पिन मागच्या भोकात घालून पुढे ओढायची. मी पिन हातात घेतली आणि ती म्हणाली, "बाबा, मागे घेशील ते तुझे घे. आईचे नको."

मला म्हणायचं होतं, अगं खारू, स्क्रूला काय कळतंय कुणाचा फेरा कुठला. लोखंडाला नाव नसतं. तोंड उघडलं आणि थांबलो. कारण मी व्हॉल्व्हवाला आहे. जो फेरा शेवटी दिला तोच आधी उलटा येतो. शेवटचे तेरा माझेच आहेत. पंधरा माझे राहतील. आणि हिचे तेरा सगळ्यात आधीचे, सगळ्यात आतले. त्यांना कुणाचा हात लागत नाही.

मी तिला हे समजावून सांगितलं. बोटांवर मोजून दाखवलं. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, सोळा वर्षं हेच करतोय. परवाच्या पाच नंबरचं सांगितलं नाही.

मग तिने आ केला.

वेळ: २२ मिनिटं. फेरे: उणे १ (माझा).

१० एप्रिल, गुरुवार

डॉक्टरबाईंना दाखवलं. दाढा आत येताहेत, सावकाश. जितकं येईल तितकं. पुढे बोलायला त्या तयार नाहीत, आणि मी खोदून विचारलं नाही.

संध्याकाळी अंघोळीला जाताना माझा फोन मी खारूच्या टेबलावर ठेवून गेलो. हिचा फोन चार्ज करून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, चालू ठेवला आहे. का ते मला सांगता येणार नाही. नळ उघडला आणि भिंतीपलीकडे ड्रॉवरमध्ये तो वाजला. वाजून वाजून थांबला. म्हणजे फोन कंपनीचा घोळ नव्हता. बराच वेळ पाणी अंगावर घेत उभा राहिलो. एवढं पाणी वाया घालवलेलं कामावर कळलं तर माझी धडगत नाही.

वेळ: २५ मिनिटं. फेरे: उणे ६.

१७ एप्रिल, गुरुवार

उणे तेरा. हिचे तेरा, माझे पंधरा, अठ्ठावीस झाले. दुपारी डॉक्टरबाईंनी तपासलं होतं. आजचा एक फिरवा आणि मग हात लावू नका म्हणाल्या. जबडा टिकेल की नाही ते ऑक्टोबरात कळेल.

फेरा झाल्यावर खारू म्हणाली, "उद्यापासून काय?" तिचा स परत यायला लागलाय. मी म्हटलं, उद्यापासून फिरवायचं नाही, पण बघायला तर लागेल, पाय सुटलेत का, सूज आहे का, रोज बघायला लागेल. असं डॉक्टरबाई काही म्हणालेल्या नाहीत. खारू म्हणाली, "सातला?" मी म्हटलं, सातला.

मग मी तक्ता मागितला. ती जरा घुटमळली. मी म्हटलं, फाडत नाही गं, लिहायचंय. तिने मांडीवरूनच हात लांब करून दप्तर ओढलं आणि कागद दिला. चौदा ते अठ्ठावीस माझ्या पंधरा ओळी भरल्या, तारखांसकट. शेऱ्यात फार काही नाही, मला हिच्यासारखं सुचत नाही.

तेराव्या ओळीपाशी आलो. फट दिसायला लागली! ह्यांना रविवारी दाखवायची. मी खारूला म्हटलं, दात दाखव. तिने ओठ वर केले. फट थोडी बुजली आहे, तरी दिसते. पेन्सिलीचं टोक जाईल एवढी. फट पडल्याचं वहीत लिहिलंही होतं, रोज टॉर्च लावून बघत होतो की, पण मी भोक बघत होतो.

हिच्या अक्षराशेजारी थोडी जागा होती, तिथे लिहिलं, बघितली. आणि मला रडू आलं. ही गेल्यापासून पहिल्यांदा, आणि एकदम इतकं की टॉर्च कपाळावरून घसरला. खारू उठली नाही. तोंड मिटून, डोकं तसंच माझ्या मांडीवर ठेवून, माझा शर्ट घट्ट धरून पडून राहिली.

वेळ: बघितली नाही.